धूर नसलेली चूल

एका राज्यात, जिथे डोंगर झोपेत कूस बदलत आणि नद्या राजवाड्यापुढे मुजरा करून मगच वळत, तिथे काही माणसं राजावर चिडून रानात गेली. बंड काही मोडेना. मोडणार कसं? रानातल्या मांत्रिकानं त्यांना वर दिला होता : तुमच्या विस्तवाला धूर येणार नाही, तुमच्या पावलांचा ठसा उमटणार नाही.

पुढे तह झाला. राजानं अभय दिलं, घरं दिली. माणसं परतली, पण वर सुटेना. तोच आता शाप झाला. चूल पेटे, धूर नाही, ऊब नाही. तांदूळ शिजता शिजेना. आम्हां शेजाऱ्यांना कसं कळलं? अहो, दुसऱ्याच्या कौलांकडे आम्ही नाही बघायचं तर कुणी! आणि ज्या घराला धूर नाही, ते रानाचं. रान वेली पाठवून ती घरं ओढून नेऊ लागलं.

रानातून परतलेल्या हैबतीच्या घराची मागची भिंत वेलींनी गिळली, तेव्हा त्याची बायको सगुणा म्हणाली, "मी पुन्हा रानात दगडावर निजायची नाही. काहीतरी करा."

आढ्यावर सोनेरी साळुंकी उतरली. "हैबती, पात्याला घरचं काम दे. रानातलं नाव पाण्यात सोड. शेजारच्या चुलीतला विस्तव आण."

हैबतीनं तलवारीची विळी घडवून घेतली. कांदा चिरताना ती स्वतःच रडली. 'काळवाघ' हे नाव त्यानं नदीत सोडलं; एका माशानं ते गिळलं आणि डरकाळी फोडून बुडी मारली.

राहिला विस्तव. शेजारच्या येसूकाकू गोठ्यात गेल्या की हैबती चोरपावलांनी शिरे, निखारा उचले. उंबऱ्यावर तो विझे. पुन्हा गेला, पुन्हा विझला. पुढच्या खेपेला काकू दारातच उभ्या.

"काय रे, रोज माझ्या चुलीत काय हरवतं तुझं?"

रानात हैबतीनं फक्त घेतलं होतं. मागायचं कसं, हेच त्याला आठवेना.

"तोंड आहे ना? माग की!"

हैबती आत येऊन दाराकडे पाठ करून बसला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यानं पळवाटेवरची नजर काढली. "काकू, तुमची कणगी मीच लुटली होती. थोडा विस्तव द्याल?"

"ठाऊक आहे मला. तेव्हा मागितली असतीस, तरी दिली असती." काकूंनी खापरीत गोवरीचा निखारा घातला, वर राख पसरली. "जप. हात भाजशील."

हैबती निघाला आणि ओल्या गल्लीत मागोमाग पावलं उमटत गेली. चूल धुमसली. कौलांतून धूर निघाला, निळा, उंच, डोंगरांनी मान वर करून पाहावा असा. वेली भिंत सोडून निमूट रानात परतल्या. घरं गेली म्हणून पुन्हा रानाच्या वाटेला लागलेले त्याचे सोबती मागे वळले आणि काकूंच्या दारी खापऱ्या घेऊन रांगेत उभे राहिले. निखारे देता देता चूल रिती झाली नाही. राजानं गच्चीतून धूर पाहिला आणि परतलेल्यांवर नजर ठेवायला बसवलेला वेशीवरचा पहारा उठवला.

सगुणा डोळे पुसत होती. कुंपणावरून काकूंनी विचारलं, "काय गं, रडतेस?"

"छे हो. धूर गेला डोळ्यात."