हातपाण्याचा झरा

खिंडीच्या तोंडाशी, कातळाच्या कपारीतून हा झरा वाहतो. ऑक्टोबरच्या सुट्टीत अभयारण्य पाहायला पुण्याहून आलेल्या मोघे नवरा-बायकोला आणि त्यांच्या मुलीला वाटाड्या धाकलू झोरे यांनी इथंच थांबवलं. म्हणाले, "बॅगा टेकवा. पाणी गोड आहे, पण आधी ऐका."

फार मागं, म्हणे, दसरा उलटला की खालच्या वाड्यांतल्या लेकी याच वाटेनं माहेरी जात. अशीच सोनकी फुललेली असताना धुरपा निघाली. सोबत नवरा बिरू आणि सात वर्षांची ठकी.

खिंडीत तिघे लुटारू दबा धरून होते. एकानं मागून बिरूच्या मानेत कुऱ्हाड घातली. बिरूला लेकीकडं वळून बघताही आलं नाही.

धुरपानं ठकीला दगडाआड ढकललं आणि कमरेचा कोयता उपसला. दुसरा तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेला झोंबला. त्याचा पंजा मनगटापासून तुटून गवतात पडला. पुढचा घाव त्याच्या गळ्यावर. तिसरा अंगावर आला, त्याचं तोंड तिनं धोंड्यानं ठेचलं आणि त्याला कड्यावरून लोटून दिलं.

उरला कुऱ्हाडवाला. त्यानं कुऱ्हाड टाकली, गुडघे टेकले, हात जोडले.

"माय, मलाबी लेकरं हायती."

धुरपानं कोयता चालवला. मूठ मोडेपर्यंत चालवत राहिली, असं सांगतात.

मग हात पसरून ती लेकीकडं वळली. ठकी किंचाळली आणि मागं सरली.

धुरपानं या झऱ्यावर हात धुतले. वाळूनं घासले, कातडं सोलवटलं, तरी पोर जवळ येईना. तेव्हा तिनं पण केला, की लेक आपणहून येईल तेव्हाच इथून उठेन. दिवस कलला. मग लांबूनच ठकी बोलली,

"आये, तो हात जोडत हुता."

तुझ्या बापाला त्यानंच मारलं, असं धुरपाला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "व्हय. जोडत हुता. मी बघितलं. तरीबी मारला."

ठकी कितीतरी वेळ आईकडं बघत राहिली. मग आली, ओंजळ भरली आणि आईच्या हातांवर पाणी घातलं. दोघींनी दगड रचून बिरूला झाकलं. धुरपानं त्या कुऱ्हाडवाल्यालाही झाकलं.

धाकलूंनी झऱ्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "आजही इथं आलेले आईबाप लेकरापुढं हात पसरून बसतात. आपल्या हातून घडलेली एक वाईट गोष्ट, घडली तशी सांगतात. पाणी घालायचं की नाही, ते लेकरानं ठरवायचं. कोरड्या हातांनी खिंड उतरलेलीही पुष्कळ माणसं मी पाहिलीत."

मोघेबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग त्या मुलीसमोर खाली बसल्या.