खांड्याची बायको

"हा खांडा स्वतःच्या तोंडानं म्हणाला, 'ही माझी बायको,' तर राहा राणी म्हणून! नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बापाच्या मिरच्या खुडायला परत जा!"

भिवरगडचे राजे रायाजीराव असं म्हणाले आणि भर सदरेवर खो खो हसले. दरबारही हसला. राजे हसले की हसायचं, ही तर त्यांची चाकरीच होती.

तुळजा तेवढी हसली नाही. महिन्यापूर्वी तिचं लग्न झालं होतं आणि लग्नाला नवरा आलाच नव्हता! झालं होतं असं, की पत्नी शेजारी बसल्याशिवाय राज्याभिषेक होणार नाही म्हणून शास्त्रीबुवा अडून बसले. अभिषेक चुकला असता तर गादी चुलतभाऊ मानसिंगरावांकडे गेली असती. राजांचा तापटपणा ठाऊक असल्यामुळे आठ दिवसांत मुलगी द्यायला एकही सरदार तयार होईना. शेवटी मिरच्या पिकवणाऱ्या वाघोजीच्या तुळजेला मागणी घातली. आता राजानं शेतकऱ्याच्या मांडवात उभं राहायचं कसं? म्हणून जुन्या रिवाजाप्रमाणे आपल्या जागी घराण्याचा खांडा पाठवला. एवढी मोठी रुंद तलवार हत्तीवरून आली, अंतरपाटापलीकडे पाटावर उभी केली गेली, तुळजेनं तिच्या मुठीला हार घातला आणि लागलं लग्न! अभिषेक उरकला, गादी पक्की झाली. मग राजांना आठवलं, की आपण तर कुणाशीच लग्न केलेलं नाही, हिचं लग्न लागलं ते खांड्याशी!

परत गेली तर तुळजा ना कुमारिका, ना सासुरवाशीण. तिला पुन्हा कोण पदरात घेणार होतं? तिनं डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच अडवलं.

"कबूल, महाराज. पण तोवर आमची स्वारी माझ्या महालात राहू दे. नवराबायकोनं बोलायचं, म्हणजे थोडा एकांत नको का?"

"ने, ने! घोरत मात्र नाही हो तो!"

"तेवढं तरी सुख आहे माझ्या नशिबी!"

दसरा उजाडला. कमरेला तो खांडा बांधल्याखेरीज भिवरगडच्या राजानं कधी सीमोल्लंघन केलं नव्हतं. हत्ती सजला, नौबत झडू लागली, आणि कारभारी त्र्यंबकपंत खांडा आणायला तुळजेच्या दारी गेले.

"स्वारी पडली आहे," तुळजा उंबऱ्यातून म्हणाली. "आत्ताच तेल लावून दिलंय. दुपारी बघू."

"बाईसाहेब, मुहूर्त टळतोय!"

"मी काय करू? ते अजून माझ्याशीच बोलले नाहीत, तुमचं कुठलं ऐकणार?"

पंत हात हलवत परतले. सेनापती गेले, तेही तसेच आले. अखेर राजे स्वतः तरातरा निघाले. मागोमाग शास्त्रीबुवा, मानसिंगराव आणि गंमत बघायला अर्धा दरबार!

"माझा खांडा दे!"

"परक्या पुरुषाच्या कमरेला माझा नवरा लटकवू? लोक काय म्हणतील?"

"परका? मी?"

"लग्न खांड्याशी झालं, असं तुम्हीच सांगितलंत. आणि खांडा तर तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. त्या नात्यानं मी तुमची आजी लागते. आधी पाया पडा!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. राजांचे कान लाल झाले.

"लोखंड आहे ते, लोखंड!"

"असेल! मग अभिषेकाला तुमच्या शेजारी बसली ती कोण? लोखंडाची बायको! शास्त्रीबुवा, दुसऱ्याची बायको शेजारी बसवून केलेला अभिषेक चालतो का हो?"

शास्त्रीबुवा जानवं चाचपत छताकडे बघू लागले. मानसिंगराव मात्र एक पाऊल पुढे आले. "सांगा ना शास्त्रीबुवा," ते गोड आवाजात म्हणाले, "मलाही ऐकायचंय."

राजांना दरदरून घाम फुटला.

"अगं, हळू बोल! खांडा वेगळा आणि मी वेगळा असं कुठं असतं? तो खांडा म्हणजे मीच! त्यानं घातलेले घाव माझे, त्यानं जिंकलेले गड माझे!"

"आणि त्यानं घालून घेतलेला हार?"

"तोही माझाच!"

"मग मी कोण?"

"माझी बायको!"

"जरा मोठ्यानं. मानसिंगरावांना ऐकू गेलं नाही वाटतं."

"ही माझी बायको!" राजे असे गरजले, की खाली हत्ती बिचकला.

तुळजा दरबाराकडे वळली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? खांडा म्हणजे मीच, असं महाराज म्हणाले. आणि आत्ता महाराज काय म्हणाले? पैज पुरी झाली! खांडा स्वतःच्या तोंडानं बोलला!"

मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे हसत सुटले, की पगडी कानावर आली. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून स्वतःच्या हातानं तुळजेच्या गळ्यात घातला, आणि वाघोजीला अख्खं गाव इनाम दिलं.

"पंत, शिडी लावा!" पगडी सावरत राजे ओरडले. "आज अंबारीत आधी राणीसाहेब चढतील!"