वीत वीत तपासलेला दोर

“तुझं तोंड पाहिलं तर मधाच्या पोळ्यावरच्या माश्यासुद्धा सुतक पाळतील! अर्धी सकाळ दोर चाचपत बसलास आणि कडा गेला पलीकडच्या वाडीला!” कुंडल ओरडत होता. समोर त्याचा मेहुणा मांडीवर दोराचं वेटोळं घेऊन बसला होता.

हा मेहुणा म्हणजे बोधिसत्त्व. शिलापुरात दृढसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा तो मध काढणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्या कुळाची रीत अशी, की नवरा कड्यावरून खाली उतरला की वरचा दोर बायकोच्या भावाने धरायचा. बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल? भाऊ नको असेल तर दुसरा माणूस नेमायचा अधिकार बायकोचा, नवऱ्याचा नाही. कुंडलची बायको उत्पली ही बोधिसत्त्वाची धाकटी बहीण.

बोधिसत्त्व दर खेपेला अंबाडीचा तो लांब दोर वीत वीत करून बोटांतून काढी. तेव्हा तो बोलत नसे, हसत नसे. लोक त्याला लाकूडतोंड्या म्हणत. म्हणोत बापडे. ज्यांना स्वतः लोंबकळायचं नसतं, त्यांना चेष्टा बरी सुचते.

त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली होती, की पौर्णिमेला जी वाडी पहिला मध आणील, तिला वर्षभर मोठा कडा मिळेल. पौर्णिमेच्या सकाळी धुकं विरलं. पलीकडची माणसं उतरलीसुद्धा. बोधिसत्त्व अजून दोराच्या मध्यावरच होता. दुसरं टोक हाती आलं, तेवढ्यात पलीकडून जिंकल्याची आरोळी उठली. आता यांच्या वाट्याला टेकडीवरची किडुकमिडुक पोळी.

“सापडलं का काही दोरात?” कुंडलने विचारलं.

“नाही. दोर चांगला आहे.”

“ऐका! चांगला आहे म्हणे! मग वेळ कशाला घालवलास?”

“दाजी, सकाळी तो चांगला असेल असं वाटत होतं. आता ठाऊक आहे.”

“उद्यापासून पिंगल धरील दोर. माणसाला हसवतो तरी!”

“हसतो मीही,” बोधिसत्त्व म्हणाला, “तुम्ही वर आलात की.”

शेजारचा पिंगल मनाने वाईट नव्हता. पण गोष्ट रंगली की त्याचे दोन्ही हात गोष्टीतच गुंतत.

कुंडलने बायकोला हाक मारली. “उत्पली, पिंगलला नेम. आत्ताच सांग.”

बोधिसत्त्वाने दोर बहिणीच्या पायाशी ठेवला आणि बाजूला झाला.

ही गोष्ट सांगणारे तथागत बुद्ध इथे थांबले. समोरच्या भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाचा कुंडल म्हणजे ध्यानाला बसणाऱ्यांची टवाळी करणारा हा तुमचा सोबती. पिंगल म्हणजे त्या टवाळीला खिदळणारे तुम्ही सगळे. उत्पली म्हणजे दारात उभी असलेली ही म्हातारी भिक्षुणी. आणि दोर तपासणारा मी होतो. तोंड पाडून बसणारे पुष्कळ असतात. आपल्या हातात दुसऱ्याचा जीव आहे हे जो क्षणभरही विसरत नाही, त्याच्या वागण्याला गांभीर्य म्हणतात.”

“पण भांडण मिटलं कसं?” एका भिक्षूने विचारलं.

तथागतांनी दाराकडे पाहिलं आणि उत्पली तेव्हा नवऱ्याला काय म्हणाली ते सांगितलं: “कडा गेला तर जाऊ दे, घरी माझ्याबरोबर हसायला तुम्ही हवेत, म्हणून दोर माझा दादाच धरील.”