तांब्याची झारी आणि तीन कुलुपं

एका राज्यात जन्माला आणि मरणाला पाणी एकच लागे. चव्हाट्यावर तांब्याची झारी होती, ती कधी रिती होत नसे. अडलेल्या बाईच्या जिभेवर तिचा थेंब पडला की बाळ बाहेर येई. निघालेल्या माणसाला पोटच्या लेकराने तिचा घोट पाजला की प्राण सुखाने जाई.

तिथला राजा वज्रकेत. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळली आणि घोट मागू लागली. राजाने काय करावं? मांत्रिकाकरवी झारी खजिन्यात कोंडली आणि तीन मंतरलेली कुलुपं ठोकली. "माझ्या राज्यात माणसं वाढतील, घटणार नाहीत!" म्हणाला. शहाणाच तो!

मग कोणी मरेना. लोकांनी साखर वाटली. पण कोणी जन्मेनाही, हे पुरुषांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. बायकांच्या लगेच आलं.

राणी कुंदावतीचे दिवस भरून वर कितीतरी गेले. बाळ आतून लाथा मारी, पण कळा येईनात. तेव्हा सज्ज्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राणी, असंच चाललं तर तुम्ही दोघं मरायची नाहीत, पण जगायचीही नाहीत."

"मग उपाय सांग."

"कुलुपं खऱ्या उत्तराने उघडतात. तुला काय हवं, असं ज्यांना कधी कोणी विचारलंच नाही, त्यांना विचार. उत्तर वाळक्या पोकळ भोपळ्यात धर आणि कुलपावर ओत."

राणी पोट सावरत निघाली. पहिली गेली सात लेकरांच्या गवळणीकडे.

"कोंडाबाई, एवढी लेकरं तुला हवी होती?"

गवळण हसायला लागली, मग हसायची थांबली. "पाच हवी होती, राणीसाहेब. दोन सासूला हवी होती. आता सातही माझीच, एकालाही हात लावू द्यायची नाही. पण विचारायला हवं होतं."

भोपळा जड झाला. राणीने तो खजिन्याशी नेऊन ओतला, तसं पहिलं कुलूप गळून पडलं.

मग राणी विणकरणीकडे गेली. गावाने तिला वांझ ठरवलं होतं.

"सगुणे, तुला मूल हवं होतं?"

"नव्हतं. मला माग हवा होता. नवऱ्याचंही तेच म्हणणं. आमचं दोघांचं ठरलेलं."

"वाईट नाही वाटत?"

"लोकांच्या जिभेचं वाटतं. न झालेल्या लेकराचं नाही. आता खोटं बोलू का? मग तुमचं कुलूप कसं उघडायचं?"

दुसरं कुलूप पडलं.

तिसऱ्यासाठी राणी सासूच्या उशाशी बसली, विचारलं, उत्तर धरलं, ओतलं. कुलूप हललं नाही.

भारद्वाज म्हणाला, "हे ज्याने ठोकलं, त्यानेच विचारायचं."

राजा भिंतीला टेकून उभा होता. "मी नाही विचारणार. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल."

राणीने त्याचा हात धरून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. राजा निमूट आईपाशी गेला.

"आईसाहेब, तुम्हाला काय हवं?"

"अरे, किती उशिरा विचारलंस! काढे बंद कर. खिडकी उघड. उशी जरा उंच कर. आणि घोट पाज."

"माझ्या हातांनी तुम्हाला मारू?"

"वेडा आहेस. मारणं निराळं, सोडणं निराळं. मी पुरेशी जगले, बाळा."

राजाने हे भोपळ्यात धरलं. तिसरं कुलूप पडलं. झारी चव्हाट्यावर आली. राजाने आईला घोट पाजला, राणीच्या जिभेवर थेंब पडला. पलीकडच्या दालनात मुलगी रडली, ते ऐकून म्हातारी हसली आणि हसतच गेली.

राज्यात घरोघर विचारणं सुरू झालं. एका घरचा खापरपणजोबा ओरडला, "मला नाही जायचं! अजून आंबे यायचेत!" त्याला कोणी घोट दिला नाही. आंबे दिले.

बाळंतिणीच्या खोलीबाहेर राजा घुटमळत उभा राहिला. "राणी, पुढे आणखी लेकरं हवीत?"

"एवढी एकच."

राजाने मान डोलावली. तेव्हा भारद्वाज उडाला. ज्या घरात आधी विचारतात आणि मग ऐकतात, त्या घरावर तो अजून बसतो म्हणे.