तेवीस नावं आणि कोरं पान

"मग त्याला मठातून काढायचं कधी, बुवा?"

चिंतोबुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

हेरंबला ते मुळीच आवडलं नाही. पुण्यातली भरल्या ताटाची नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी वाघजाईच्या डोंगरावरच्या या मठात आला होता. संगणक कोळून प्यालेला माणूस. बुवांचा शिष्य म्हणवून घ्यायचा, वैराग्यही आलं होतं म्हणे. पण मठात अक्कल काय ती आपल्यालाच, हा समज काही उतरला नव्हता.

आणि ज्याला काढायचं, तो गेनबा. मठाच्या कचेरीत बसणारा, पन्नाशीचा. घरफोडीपायी चार वर्षं आत होता, टायपिंग तिथेच शिकला. सुटल्यावर बुवांनी त्याच्या हाती कचेरीची किल्ली दिली आणि त्या दिवसापासून हेरंबच्या पोटात दुखायला लागलं.

भानगड अशी होती. मठ दर महिन्याला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरातल्या एका धर्मादाय इस्पितळात पाठवायचा. इस्पितळाने नवा नियम काढला. नावांची यादी आदल्या दिवशी चारच्या आत फॅक्सने आली पाहिजे. यादीत नाव नसेल त्याने दारातूनच परत जायचं. मठाकडे फॅक्सचं यंत्र कुठलं? हेरंबने संगणकावरच सोय केली. त्यात एक न दिसणारा प्रिंटर असतो. छापायचा हुकूम द्यायचा. कागद काही बाहेर येत नाही, पानाचं चित्र तयार होतं आणि टेलिफोनच्या तारेवरून निघून जातं.

दोनदा यादी गेली. दोन्ही वेळा पडद्यावर 'पोचली' असं उमटलं. आणि दोन्ही वेळा माणसं इस्पितळाच्या दारातून परत आली, कारण तिथे पोचलं होतं कोरं पान. कोंडाबाई नावाची म्हातारी तर काठी टेकत डोंगर चढून आली आणि विचारून गेली, "माझं नाव कुणी खोडलं रं बाबा?" ऐकणाऱ्यांना मान वर करवेना.

आज तिसरी यादी होती. तेवीस नावं. इस्पितळाने बजावलं होतं की आजही पान कोरं आलं, तर तुमच्या खाटा दुसऱ्या संस्थेला देऊ.

"यंत्रातच काही बिघाड नसेल?" बुवांनी विचारलं.

हेरंब हसला. फॅक्सचा प्रोग्रॅम त्याने काढून पुन्हा टाकला होता. रांगेत अडकलेली जुनी कामं पुसली होती. तार बदलली, टेलिफोनवाल्याला खांबावर चढवून लाइन तपासून घेतली. सगळं ठणठणीत. मग उरलं कोण? माणूस.

आणि माणूस काय कमी संशयास्पद होता? गेनबा हात धुतल्याशिवाय संगणकाला शिवत नाही, ते का? यादी पाठवताना दार लोटून घेतो, ते का? मागच्या बाजारी तालुक्यातल्या खासगी डोळेवाल्याच्या माणसाबरोबर चहा पीत उभा होता, तो कशाला? एकदा संशयाने बघायला लागलं की माणसाची शिंकसुद्धा इशारा वाटते. हेरंब महिनाभर गेनबाच्या शिंका मोजत होता.

"पुरावा आहे?"

ह्याच प्रश्नाची तो वाट पाहत होता. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. फॅक्सची सोय केली त्याच दिवशी, गेनबाला पत्ता लागू न देता, त्याने फॅक्सच्या अलीकडे आणखी एक छुपा प्रिंटर बसवला होता. गेनबा जे पान सोडेल ते आधी हेरंबच्या संगणकात, कुलूपबंद कप्प्यात यायचं आणि मग पुढे जायचं. दोन्ही याद्या त्या कप्प्यात जशाच्या तशा होत्या, काना-मात्रेचाही फरक नाही. म्हणजे यंत्र चोख. पुढे कोरं पान जातं, ते गेनबाच्याच हातचलाखीने.

"आधी तुझ्याकडे येतं?"

"आधी माझ्याकडे."

"ते तुझं लटांबर काढून पाहिलंस?"

"ते कशाला काढू? ते बिघडलेलं नाहीये, बुवा. तेवढंच तर नीट चाललंय."

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली...

तेवढ्यात खालून हाक आली. तीन वाजले होते, पाण्याची वेळ.

मठात नळ आहे, मोटारही आहे. पण मुदपाकखान्याचं पाणी अजून खडकातल्या टाक्यातून हातोहात वर येतं. टाक्यापासून चुलीपर्यंत सगळे पायऱ्यांवर उभे राहतात. तिथे लहान-थोर नाही. दंडक एकच, आलेली घागर हातात थांबू द्यायची नाही.

बुवा एका पायरीवर उभे राहिले. हेरंबला त्यांनी वरच्या पायरीवर घेतलं. त्याच्याही वर गेनबा होता.

"आज घागर लगेच पुढे देऊ नकोस," बुवा हळूच म्हणाले. "भरलेली आहे का, नीट बघ. खात्री झाली की पायाशी ठेव."

हेरंबला बरं वाटलं. बुवांना पटलं म्हणायचं.

पहिली घागर आली. त्याने वाकून पाहिली, काठोकाठ. पायाशी ठेवली. दुसरी आली, तीही काठोकाठ. तिसरी. चौथी. एकीत पडलेलं पान त्याने चिमटीने काढूनही टाकलं. काम कसं चोख हवं.

गेनबा हात पुढे करून उभा होता. खाली वाकून काही विचारायची त्याची हिंमत होईना.

वरून, चुलीपाशी बसलेल्या भागाबाईंनी ओरडून विचारलं की पाणी आहे का आटलं, पिठात हात घालून बसलेय मी. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली.

"किती आल्या?" बुवांनी विचारलं.

"चार."

"भरलेल्या?"

"चारही काठोकाठ. थेंब सांडलेला नाही."

"मग भागाबाईच्या चुलीवर पाणी का नाही?"

हेरंबने सवयीने वर गेनबाकडे पाहिलं. गेनबाचे दोन्ही हात तसेच पुढे होते. रिकामे...

मग त्याने स्वतःच्या पायाशी पाहिलं.

कानशिलं तापली त्याची. छुपा प्रिंटर बसवला त्या दिवशी त्याने चाचणी घेतली होती ती एवढीच, की पान आपल्याकडे आलं का. आलं होतं. त्याच्यापुढे काय गेलं, हे तिकडे फोन करून विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

तो धावत कचेरीत गेला. गेनबाची यादी तयार होती. हेरंबने आपला छुपा प्रिंटर मुळापासून उपटला, गेनबाला खुर्चीत बसवलं आणि पाठवा म्हणाला. गेनबाने आधी हात धुतले. आज हेरंबला त्यात काही दिसलं नाही.

चाराला दहा कमी असताना इस्पितळाचा फोन आला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, यादी मिळाली, तेवीसही नावं स्वच्छ लागतात.

हेरंबने तिथेच गेनबाला सगळं सांगितलं. शिवी मिळेल, निदान टोमणा तरी, म्हणून तो उभा राहिला. गेनबाने फोनकडे पाहिलं.

"मला वाटलं, माझ्याच हाताला गुण न्हाई," तो म्हणाला. "दोन डाव माणसं आंधळीच परत आली. उद्या पहाटं निघणार हुतो. गठुडं बांधून ठिवलंय."

त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. यादीतल्या माणसांना उद्याचा निरोप सांगायला म्हणून तो उठला आणि डोंगर उतरायला लागला.

हेरंब ओसरीवर आला. बुवा उरलेल्या शेंगा सोलत होते. तो समोर बसला.

"बुवा... मी गेनबांना चोर म्हणत होतो. चोर मीच निघालो."

बुवांनी सुपातली टरफलं बाजूला सारली.

"चोराची बरोबरी करू नकोस," ते म्हणाले. "आपण काय नेलं, ते चोराला निदान ठाऊक असतं."