निळीच्या रांजणातले वस्त्र

एका राज्यात असा राजपुत्र होऊन गेला, की ज्याला त्याची आईच ओळखेना. त्याचे नाव सुकेतू. भर दरबारात तो एका मांत्रिकाला हसला. मांत्रिकाने जाता जाता त्याचा चेहरा आणि आवाज काढून घेतला, त्या जागी कुणा परक्याचा बसवला. ओळखीची खूण सांगू जाता त्याची जीभ टाळूला चिकटे. राणी विशाखेने त्याला वेशीबाहेर घालवले आणि मुलगा हरवला म्हणून अन्न सोडले.

सुकेतू रडला. राजपुत्र झाला म्हणून काय, आईने घालवल्यावर रडू येणारच.

वेशीवर एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजपुत्रा, आफ्रिकेच्या पश्चिम भागात, वाळवंट संपते तिथे, निळीच्या रांजणांचे गाव आहे. तिथे स्वतः गाठी बांधलेले, स्वतः रंगवलेले वस्त्र आईच्या हाती दे. गाठी मात्र तिनेच सोडायच्या."

समुद्र ओलांडून, उंटांच्या तांड्याबरोबर तो तिथे पोचला. काय सांगावी त्या गावाची शोभा! भिंतीभिंतीवर जांभळाहून गडद वस्त्रे वाळत होती. रंगारणींचे हात कोपरापर्यंत निळे, आणि त्या रस्त्याने निघाल्या की तिथला राजासुद्धा उठून उभा राही. त्यांच्यात वडील सिराआई. ती रांजणातले पाणी बोटाने जिभेला लावी आणि नीळ पिकली की नाही ते सांगे.

"तीन कामे," सिराआई म्हणाली. "राखेचे पाणी गाळ, कापडाला गाठी बांध, मग बुडव."

गाळता गाळता हात सोलले, बांधता बांधता बोटे सुजली. शेवटी वस्त्र रांजणातून काढले, तर ते हिरवे! सुकेतू घाबरला. त्याने ते झटकन पुन्हा बुडवले, काढले, पुन्हा बुडवले. धुतल्यावर सगळा रंग ओघळून गेला.

"अरे लेकरा, त्याला वारा तरी लागू दे!" सिराआई हसली. "नीळ वाऱ्यावर चढते."

त्याने सगळे नव्याने केले. या वेळी हिरवे वस्त्र वाऱ्यावर धरले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते निळे झाले. मांत्रिकाच्या साऱ्या विद्येहून ही विद्या त्याला थोर वाटली. तो सिराआईच्या पाया पडला आणि घरी निघाला. नक्षी कशी उठली ते पाहावे म्हणून वाटेत बोटे गाठींपाशी जात. मन घट्ट करून तो ती मागे घेई.

"कुणी परका कापड घेऊन आला आहे," पहारेकऱ्याने राणीला सांगितले.

"आणा."

राणी गाठ सोडू लागली. सुटेना. दुसरीही सुटेना. तिने वस्त्र फिरवले, उलट्या बाजूने दोरा ओढला, तशी गाठ सुटली. तिचे हात थांबले.

"डावखुरी गाठ," ती म्हणाली. "माझा सुकेतू अंगरख्याचे बंद असेच बांधायचा. सोडताना मी रोज चिडायचे." तिने वर पाहिले. समोरचा चेहरा परकाच होता. तरी तिने हाक मारली, "सुकेतू?"

त्या हाकेसरशी शाप सुटला. परका चेहरा मावळला, मूळचा उमटला. नगरात नगारे झडले. मांत्रिकाला मानाने बोलावून सुकेतूने त्याची क्षमा मागितली.

उरलेल्या गाठी मात्र त्या दिवशी तशाच राहिल्या. राणी लेकाचे पान वाढायला उठली होती.