टिबुकलीचा पांढरा ठिपका

निळ्याशार तळ्याकाठी इवलीशी झोपडी होती. तिच्यात रंगू आणि तिची आई राहायच्या. झोपडीमागे मोगऱ्याची सात झुडपं. आई गजरे विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची.

हिवाळ्यात आईने झुडपांची पानं खुडली, पाणी तोडलं. मोगऱ्याला असा ताण दिला, तरच तो वसंतात कळ्यांनी लगडतो. पण रंगूला त्या बोडक्या झुडपांची दया आली. ती रोज चोरून त्यांना तांब्याभर पाणी घालत राहिली. झालं! चैत्र आला, झुडपं हिरवीगार माजली, कळी मात्र एकही नाही.

"सकाळपतुर कळी दिसली न्हाई, तर मी वीटभट्टीवर जाते गं बाय," आई गाठोडं बांधत म्हणाली. "तू मावशीकडं ऱ्हा."

आपल्यामुळेच आई दूर चालली! पहाटे रंगू रडत तळ्यावर धावली आणि पाहते तो काय!

पाण्यावर पक्ष्यांची रांग लागली होती. कमळाच्या पानावर बोटाएवढी परी उभी होती आणि तिच्या शिंपल्यात वसंताचे रंग झगमगत होते. गायबगळ्याच्या डोक्यावर तिने केशरी थेंब टाकला, ढोकरीच्या पाठीवर तांबूस. रंगू पाय न वाजवता काठाशी सरकली.

"एकच थेंब उरलाय, बाळ. पांढराशुभ्र," परी हसून म्हणाली. "सूर्य उगवायच्या आत एक इच्छा माग, हा थेंब कुणाला देऊ? पण दिलेला थेंब मला परत घेता येत नाही हं!"

"माझ्या मोगऱ्याला..." रंगू बोलणार, तोच बुळुक्कन एक टिबुकली वर आली. एवढंसं, मळकट पाणपाखरू. बुडी मारण्याच्या नादात तिची रांग चुकली होती.

"मला नाही उरला रंग?" ती मुसमुसली.

जित्याची खोड! रंगूला पुन्हा दया आली. डोळे पुसत ती म्हणाली, "हिलाच द्या, परीताई."

परीने तिच्या चोचीच्या कडेला थेंब टेकवला मात्र, टिबुकली आनंदाने फडफडली. पांढरे तुषार उडाले ते थेट झोपडीमागे! जिथे तुषार पडला तिथे कळी. सातही झुडपं पांढरी झाली.

"मी परत घेतला नाही," परी म्हणाली. "तिनंच वाटला!"

सूर्य उगवला, तळं सोन्याचं झालं आणि परी त्या उजेडात विरून गेली.

टिबुकलीचा ठिपका अजून आहे. खोटं वाटत असेल, तर चैत्रात तळ्यावर जाऊन बघा. आणि आई? तिने गाठोडं सोडलं आणि त्याच फडक्यात कळ्या खुडायला बसली.